पहिला वेब प्रकल्प: फ्लास्क घ्यावं की गो? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पायथन थोडंफार येतं, आता स्वतःचं काहीतरी वेबवर चालवायचं आहे, आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं, ‘फ्लास्क कशाला शिकतोस, थेट गो शीक, वेगवान असतं.’ बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा भाग) लिहायला नव्याने बसणारे बरेच जण इथेच अडकतात. व्हिडिओ बघण्यात आठवडे जातात आणि हातात एकही चालतं पान नसतं. मी दोन्हींत कामं केली आहेत, सर्व्हरवर चढवली आहेत आणि नंतर सांभाळलीही आहेत. त्यावरून सांगते: ही निवड वेगावर करू नका. काम कुठे चालणार आहे आणि तुमच्यानंतर ते कोण हाताळणार आहे, यावर करा.

बोलायला एक ठरावीक काम हवं म्हणून गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची नोंदवही घेऊ. सभासद, पुस्तकं, देवघेव, मासिक वर्गणी. काम छोटं आहे, पण खऱ्या प्रकल्पात येणाऱ्या जवळपास सगळ्या अडचणी त्यात येतात.

## १. तुलना नेमकी कशाची चालली आहे ते बघा

फ्लास्क ही भाषा नाही. आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये पायथनसाठी लिहिलेलं ते हलकं वेब फ्रेमवर्क आहे. कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन चालवायचं, आलेली रिक्वेस्ट कशी वाचायची, टेम्प्लेटमधून पान कसं उभं करायचं आणि कुकीत सेशन कसं ठेवायचं, एवढं ते देतं. डेटाबेस, लॉगिन, फॉर्मची तपासणी हे सगळं तुम्ही निवडून जोडायचं.

गो ही पूर्ण भाषा आहे. रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी गूगलमध्ये २००७ मध्ये तिची आखणी सुरू केली. २००९ मध्ये ती जाहीर झाली आणि १.० आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. लिहिलेला प्रोग्राम कंपाइल होऊन त्याची एक फाइल बनते आणि तीच चालते. एचटीटीपी सर्व्हर भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच आहे.

म्हणजे खरी तुलना अशी: एका बाजूला पायथन, फ्लास्क, तीन-चार जोड लायब्रऱ्या आणि गनिकॉर्नसारखा सर्व्हर, दुसऱ्या बाजूला गो आणि तिची स्टँडर्ड लायब्ररी. ‘फ्लास्क हलकं आहे’ हे फ्रेमवर्कपुरतं खरं आहे. भोवतीचं सगळं जमेला धरलं की गोचं सामानच कमी भरतं.

जुन्या ट्यूटोरियल्समध्ये गोसाठी वेगळी राउटर लायब्ररी (कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन ते ठरवणारी) घ्यायला सांगतात. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीपासून स्टँडर्ड लायब्ररीलाच गेट-पोस्ट (पान मागणं आणि फॉर्म पाठवणं) वेगळं करता येतं आणि पत्त्यातला पुस्तक क्रमांक उचलता येतो. पहिल्या प्रकल्पाला तेवढं भरपूर झालं.

## २. हाताशी काय लागेल

- साधा लॅपटॉप. ४ जीबी रॅमवर दोन्ही चालतात. जड काही असेल तर तो एडिटर आणि ब्राउझरचे उघडे टॅब.
- पायथन आणि गोची चालू आवृत्ती, दोन्ही अधिकृत संकेतस्थळावरूनच.
- गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), आणि पहिल्या दिवसापासून कमिट, म्हणजे ती नोंद, करायची सवय.
- एसक्यूलाइट हा डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो; ती फाइल उघडून बघता येईल असा एखादा डेटाबेस ब्राउझर.
- खरा डेटा. वाचनालयाकडून पन्नासेक पुस्तकांची आणि वीसेक सभासदांची यादी मागून घ्या. फोन नंबर मात्र खोटे टाका. सराव करताना लोकांची खरी माहिती गिटवर जाता कामा नये.
- एक कागद. पुढच्या पायरीला लागेल.

विंडोजवर पायथन बसवताना इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये जोडण्याचा चौकोन दिसला, तर त्यावर टिक करायला विसरू नका. तो राहिला की टर्मिनलमध्ये ‘पायथन’ टाइप केल्यावर बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि माणूस गोंधळून दुसऱ्यांदा पायथन बसवतो.

## ३. कोड लिहिण्याआधी कागदावर उत्तरं लिहा

हे कुठे चालणार? वाचनालयातल्या एकाच विंडोज संगणकावर, की भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर? त्या संगणकावर तुम्हाला हवं ते बसवता येईल का?

एका वेळी किती लोक वापरणार? ग्रंथपाल आणि एक मदतनीस, की घरबसल्या पुस्तक शोधणारे सगळे सभासद?

बाहेरून काय आत आणायचं आहे? जुनी यादी एक्सेलमध्ये असेल तर कोणत्या फॉन्टमध्ये आहे तेही बघा. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फॉन्टशिवाय उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आधी त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि कधीकधी मूळ प्रकल्पापेक्षा हेच काम मोठं निघतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलात तर हे कोण बघणार? त्या माणसाला काय येतं?

या प्रश्नाचं उत्तर ‘अजून ठरलं नाही’ असेल तर तेही लिहून ठेवा. निर्णय करताना ते कामाला येतं.

## ४. एकच पान दोन्हींत लिहून बघा

अख्खा प्रकल्प दोनदा लिहू नका. पुस्तकांची यादी दाखवणारं एक पान आणि नवीन पुस्तक टाकायचा एक फॉर्म, एवढंच. खाली डेटाबेस एसक्यूलाइट.

फ्लास्कमध्ये आधी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (त्या प्रकल्पापुरता लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा) बनवा, ते चालू करा आणि मगच पिपने फ्लास्क बसवा. हे टाळलं तर सगळ्या प्रकल्पांच्या लायब्रऱ्या एकत्र येतात आणि एकाची आवृत्ती बदलली की दुसरा बंद पडतो. एसक्यूलाइट पायथनसोबतच येतं. मॅकवर ५००० क्रमांकाचं पोर्ट आधीच व्यापलेलं दिसलं तर एअरप्ले रिसीव्हर त्यावर बसलेला असतो. सरळ दुसरं पोर्ट घ्या.

गोमध्ये फोल्डर बनवून मॉड्यूल सुरू करा आणि स्टँडर्ड लायब्ररीने पान उभं करा. कंपायलर सुरुवातीला फार कडक वाटेल. घोषित करून न वापरलेला व्हेरिएबल, आयात करून न वापरलेलं पॅकेज, यातलं काहीही असलं तर तो पुढेच जाऊ देत नाही. दोन दिवस चिडचिड होते. मग लक्षात येतं की पायथनमध्ये ज्या चुका पान उघडल्यावर कळल्या असत्या, त्यातल्या बऱ्याच इथे प्रोग्राम चालायच्या आधीच सापडतात. जवळपास प्रत्येक कामानंतर ‘एरर आली का’ हे हाताने तपासावं लागतं. कोड त्याने लांबतो, पण डेटाबेस उघडला नाही तर काय करायचं याचा विचार तुम्ही लिहितानाच केलेला असतो.

विंडोजवर गोचा प्रोग्राम चालवताना दर वेळी फायरवॉल परवानगी मागत असेल, तर सर्व्हर सगळ्या पत्त्यांवर न ऐकवता फक्त लोकलहोस्टवर ऐकवा.

गोचा नेहमीचा सापळा एसक्यूलाइटचा. सगळ्यांच्या तोंडी असलेला ड्रायव्हर सी भाषेच्या कोडवर उभा आहे, म्हणून तुमच्या संगणकावर सी कंपायलर लागतो. विंडोजवर तो सहसा नसतो. शिवाय विंडोजवर बसून लिनक्ससाठी फाइल बनवली तर ती बनते, पण सर्व्हरवर डेटाबेस उघडत नाही. यासाठी पूर्णपणे गोमध्ये आणलेला ड्रायव्हर मिळतो, नवख्याने तोच घ्यावा.

दोन्हींत पाळायचा नियम एकच आहे, आणि त्यात सवलत नाही: फॉर्ममधून आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात थेट जोडायचा नाही. मूल्याच्या जागी जागाधारक चिन्ह (एसक्यूलाइटमध्ये ?) ठेवून मूल्य वेगळं द्यायचं. गोमध्ये आणखी एक, पानासाठी टेम्प्लेट पॅकेज आयात करताना एचटीएमएलचंच आलं आहे ना ते बघा. टेक्स्टचं पॅकेज आलं तरी पान तसंच दिसतं, पण सभासदाने नावाच्या जागी स्क्रिप्ट टाकली तर ती चालते.

## ५. मराठी मजकूर लगेच टाकून बघा

ही पायरी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही, आणि आपल्या कामाचा निम्मा त्रास इथेच असतो.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. पायथनला लांबी विचारली तर उत्तर १० येतं, कारण ते ज, हलन्त, ञ, काना असं सगळं सुटं मोजतं. गोला विचारली तर ३० येतं, कारण गो बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. आता तुम्ही फॉर्मवर ‘नाव ३० पेक्षा लांब नको’ अशी अट गोच्या लांबीवर लावलीत, तर ज्ञानेश्वर एवढ्यानेच जागा संपली. आडनाव बसत नाही. बाइटवर मजकूर कापलात तर शेवटी तुटका चौकोन उरतो. गोमध्ये रून (युनिकोडमधलं एक सुटं चिन्ह) मोजणारं वेगळं फंक्शन आहे, ते वापरा, आणि मर्यादा कितीही ठेवलीत तरी सढळ ठेवा.

फ्लास्कमधून जेसन (डेटा पाठवायचं मजकुरी रूप) पाठवलंत तर मराठीच्या जागी तिरक्या रेघा आणि आकडे दिसतील. डेटा बिघडलेला नसतो. फ्लास्क नेहमीच्या सेटिंगमध्ये आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची, चिन्हं तशी लिहितं आणि ब्राउझर ती बरोबर वाचतो. नजरेला नको असेल तर सेटिंग बदलता येतं.

शोध हा यातला सगळ्यात फसवा भाग. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी टंकला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह टाकतात, तर काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, आत वेगळे. ग्रंथपालांनी एका पद्धतीने टाकलेलं पुस्तक सभासदाला दुसऱ्या पद्धतीने सापडत नाही, आणि पुस्तक तर यादीत डोळ्यांना दिसतंय! नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने हा फरक जात नाही. मजकूर साठवताना आणि शोधताना एकच रूप करून घेणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा. पायथनमध्ये लिहा नाहीतर गोमध्ये, चार ओळींचं काम आहे.

आडनावांचा क्रमही तपासा. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडमध्ये तो ल नंतर लगेच आहे. म्हणून साध्या क्रमवारीत काळे हे कासारांच्या आधी येतात आणि छापील नोंदवहीशी यादी जुळत नाही. दोन्ही भाषांत यासाठी वेगळी लायब्ररी लागते. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं कोलेशन, म्हणजे क्रमवारीचे नियम, बघा. निवडल्यावर ही दोन आडनावं टाकून क्रम खात्रीने तपासा.

## ६. वेगाबद्दल

कंपाइल झालेला गोचा कोड शुद्ध गणितात पायथनपेक्षा कितीतरी वेगवान असतो, यात वाद नाही. पण वाचनालयाचं पान उघडायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा डेटाबेसमुळे. २०० देवघेवींची यादी दाखवताना प्रत्येक ओळीसाठी सभासदाचं नाव वेगळं विचारलंत तर २०१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) होतात, आणि त्या गोमधूनही २०१ च होतात. जोडून एकच क्वेरी करा, तारखेच्या रकान्यावर इंडेक्स लावा, मग बोलू.

गोचा खरा उपयोग दिसतो तो हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतात तेव्हा. तिथे प्रत्येक जोडणीला एक गोरुटीन (थ्रेडसारखा, पण खूप हलका) देता येतो आणि तो साधारण २ केबीच्या स्टॅकवर सुरू होतो. पायथनमध्ये ग्लोबल लॉकमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप) एका प्रोसेसमधले थ्रेड एकाच वेळी पायथन कोड चालवू शकत नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत लॉकशिवायची प्रायोगिक बांधणी आली, पण पहिला प्रकल्प त्यावर उभा करू नका.

## ७. सर्व्हरवर चढवून बघा, निर्णयाच्या आधी

बहुतेक जण हे शेवटी करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तेच एक पान आत्ताच चढवा, कारण दोन्हींतला सर्वांत मोठा फरक इथे कळतो.

गोसाठी तुमच्याच लॅपटॉपवर लिनक्सची फाइल बनवा, सर्व्हरवर कॉपी करा, चालवा. टेम्प्लेट आणि सीएसएससुद्धा त्याच फाइलमध्ये भरता येतात. सर्व्हरवर गो बसवायचीही गरज नाही. वाचनालयातल्या विंडोज संगणकासाठीही असंच: एक फाइल पेन ड्राइव्हवर न्यायची आणि डबल क्लिक करायचं.

फ्लास्कसाठी सर्व्हरवर पायथन, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, लायब्रऱ्या आणि गनिकॉर्न लागतं. गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही. तिथे वेट्रेस हा तसाच सर्व्हर घ्या. फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर फक्त सरावासाठी आहे, टर्मिनलमध्ये लाल अक्षरांत तो स्वतःच तसं सांगतो. डीबग मोड चालू ठेवून तर मुळीच चढवू नका. त्यातला डीबगर ब्राउझरमधून सर्व्हरवर पायथन चालवू शकतो, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती अख्खा संगणक गेला. सेशनची गुप्त किल्लीही कोडमध्ये लिहून गिटवर टाकायची नसते.

आता दोन सापळे जे घरी दिसत नाहीत.

फ्लास्कमध्ये ‘सध्या कोण आत आहे’ अशी यादी ग्लोबल डिक्शनरीत ठेवलीत तर लॅपटॉपवर नीट चालते. गनिकॉर्नचे तीन वर्कर सुरू केलेत की तीन वेगळ्या प्रोसेस होतात आणि तिघांकडे तीन वेगळ्या याद्या. पान ताजं केलं की कधी नाव दिसतं, कधी गायब. अशा गोष्टी डेटाबेसमध्येच ठेवा.

गोमध्ये प्रोसेस एकच असते, म्हणून यादी सगळ्यांना एकच दिसते. पण दोन रिक्वेस्टनी एकाच क्षणी त्या मॅपमध्ये लिहिलं तर संपूर्ण प्रोग्राम बंद पडू शकतो, आणि ही चूक सावरता येत नाही. म्युटेक्स (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) लावा आणि चाचणी घेताना रेस डिटेक्टर (अशी टक्कर शोधणारं गोचं साधन) चालू ठेवा. गोच्या सर्व्हरला मूळ सेटिंगमध्ये टाइमआउटही (किती वेळ वाट बघायची याची मर्यादा) नसतात, ते हाताने द्या.

दोन्हींच्या पुढे कॅडी हा वेब सर्व्हर ठेवलात तर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तो आपोआप घेतो.

तारखांकडे लक्ष द्या. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, असतं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात त्याच्या लेखी अजून कालचीच तारीख असते, आणि परतीची तारीख एक दिवसाने चुकते. भारतीय वेळ स्पष्ट सांगा. विंडोजवर मात्र टाइमझोनची माहिती आयती मिळेलच असं नाही: पायथनमध्ये त्यासाठी टीझेडडेटा पॅकेज बसवावं लागतं, गोमध्ये ती प्रोग्रामसोबतच भरता येते.

## ८. आता ठरवा

कागद पुढे घ्या.

जुन्या एक्सेल याद्या, फॉन्टचं रूपांतर, वर्षाअखेरचे अहवाल, सतत बदलणाऱ्या मागण्या, आणि तुम्हाला पायथन येतं: फ्लास्क घ्या. डेटा साफ करण्यासाठी पायथनमध्ये जेवढी तयार साधनं आहेत तेवढी गोमध्ये नाहीत, आणि मागे येणारा माणूस शाळा-कॉलेजात पायथन शिकलेला असण्याची शक्यता जास्त आहे.

दुसऱ्याच्या संगणकावर काहीही न बसवता चालायला हवं, एकदा ठेवलं की दोन-तीन वर्षं कुणी हात लावणार नाही, किंवा खूप जोडण्या उघड्या राहणार आहेत: गो घ्या. गो १ मध्ये लिहिलेला कोड पुढच्या आवृत्त्यांतही कंपाइल होत राहील असं वचन त्या भाषेने २०१२ पासून दिलेलं आहे आणि ते चांगलं पाळलं आहे.

‘कोण बघणार ते ठरलं नाही’ असं लिहिलं असेल तर माझा कौल फ्लास्कला. शिकवायला सोपं ते आधी.

नोकरीसाठी म्हणून विचारत असाल, तर तुम्हाला जिथे काम करायचं आहे त्या शहरातल्या नव्या उमेदवारांच्या जाहिराती स्वतः वाचा आणि काय मागतात ते मोजा. इतरांच्या अंदाजावर जाऊ नका.

निम्मं फ्लास्क, निम्मं गो असा मेळ पहिल्या प्रकल्पात घालू नका. दोन सेवा, दोन प्रकारचे लॉग, दोनदा चढवणं. एकट्या माणसाला ते झेपत नाही.

## ९. निवडल्यानंतर

फ्लास्क असेल तर लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या फाइलमध्ये लिहून ठेवा. गो असेल तर मॉड्यूलच्या दोन्ही फाइली (go.mod आणि go.sum) गिटमध्ये असू द्या. सर्व्हर पुन्हा कसा सुरू करायचा ते मराठीत एका पानावर लिहा, छापा आणि ग्रंथपालांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

बॅकअप घेताना चालू असलेल्या एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका. मध्येच लिहिणं चालू असेल तर प्रत अर्धवट येते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती रोज रात्री चालेल असं लावा आणि प्रत दुसऱ्या जागी पाठवा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून सभासदांची संख्या आणि शेवटची देवघेव जुळते का ते बघा.